राजपुरीची होडी आणि एक तारा

अलिबागहून मुरुडला जाणारा रस्ता समुद्राचा हात फारसा सोडत नाही. रेवदंड्याचा पूल ओलांडला की उजव्या बाजूला कोर्लईचा डोंगर दिसू लागतो. त्या डोंगराच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली आजही बोलली जाते. भाषा शिकवणारी बाई असल्यामुळे मला तिथे उतरावेसे फार वाटते. पण एस.टी. माझ्यासाठी थांबत नाही आणि मुलांना काशीदचा किनारा गाठायची घाई असते. दोन खेपा झाल्या, कोर्लई राहिलेच आहे.

पहिली खेप तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत, दुसरी या जानेवारीत. दोन्ही वेळा कारण एकच, जंजिरा. हा शब्द अरबी 'जझीरा'वरून, म्हणजे बेटावरून आला, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी इथे राज्य केले, आणि ते संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झाले, हेही सांगते. पण फळ्यावर बेट काढणे वेगळे आणि राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहून पाण्यातून सरळ वर आलेली ती काळी तटबंदी पाहणे वेगळे. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. आत कलालबांगडी तोफ उन्हात पडलेली आहे, आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. धाकटी तलावापाशी बराच वेळ उभी होती. तिला ते पटतच नव्हते.

या जानेवारीत आम्ही धक्क्यावर पोहोचलो तो शुक्रवार होता. जुम्याची वेळ झाली होती. नाखवा नमाजला गेले, आमचे हेही त्यांच्यामागून गेले, आणि मी मुलांना घेऊन सावली शोधत बसले. शेजारच्या बाकावर एक कुटुंब मोबाइलवर इथल्या होड्यांबद्दल लोकांनी काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचत होते. कुणाला होडी हलते याचा राग, कुणाला किल्ल्यात खायला काही मिळत नाही याचा. कुणी भर पावसाळ्यात येऊन किल्ला बंद आहे म्हणून एक तारा देऊन गेलेला. वाचणारे हसत होते. मला हसू आले नाही. का, ते पुढे सांगते.

दुपारनंतर होडी निघाली. शिडाची होडी, इंजिन नाही. दुपारी वारा समुद्राकडून येतो आणि किल्ला त्याच बाजूला आहे, म्हणजे वारा तोंडावर. अशा वेळी होडी सरळ जात नाही. एकदा डावीकडे तिरपी, मग शीड फिरवून उजवीकडे तिरपी, अशी नागमोडी जाते. आमच्यातल्या एका गृहस्थांना हे पटेना. "किल्ला समोर दिसतोय आणि तुम्ही दुसरीकडेच चाललात! वेळ काढताय का?" नाखवा साठीचे असावेत. ते शिडाची दोरी सोडू शकत नव्हते आणि समजावायला त्यांना श्वासही पुरत नव्हता. "वारा तसा आहे, साहेब," एवढेच म्हणाले. गृहस्थांनी फोन काढला आणि काहीतरी लिहायला लागले. काय लिहिले ते मी पाहिले नाही. पण त्यांच्या बोटांची चाल मला ओळखीची वाटली.

तीन वर्षांपूर्वी तशीच बोटे माझ्या मुलाची चालली होती, आणि मजकूर मी सांगत होते.

तेव्हा आम्ही मुरुडच्या एका घरगुती मुक्कामाला उतरलो होतो. पुढे वाडी, मागे विहीर, वर दोन खोल्या. दिवसभर उन्हात फिरून संध्याकाळी परतलो तर नळाला पाणी नाही. दुपारपासून वीज गेली होती, पंप चालत नव्हता. तिथे कामाला असलेला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा विहिरीतून पाणी ओढून बादल्या वर आणत होता. पहिली बादली यायला वेळ लागला, जेवण त्याहून उशिरा आले. मी वरून हाक मारून विचारले, "अजून किती वेळ?" तो जिन्यातूनच म्हणाला, "लाईट नाही, मी काय करू?"

बस्स, एवढेच. घरी परतताना गाडीत बसल्या बसल्या मी मुलाला लिहायला लावले. पाणी नाही, जेवणाला उशीर, कामाचा मुलगा उद्धट. एक तारा. त्याने 'उद्धट' चुकीचे टाइप केले होते, ते मी दुरुस्त करून घेतले. शिक्षिका आहे ना. नाव मुलाच्या खेळातले कसलेतरी टोपणनाव होते. पनवेल येईपर्यंत मी ते विसरूनही गेले.

या खेपेला शनिवार-रविवार लागून आल्यामुळे मुरुडला जागा मिळेना. रिक्षावाल्याने एक घर माहीत आहे म्हणून नेले. फाटकाशी उतरले आणि विहीर ओळखली. मालकीणबाईंनी मला ओळखले नाही.

रात्री जेवणे झाल्यावर मी त्यांच्यापाशी ओट्यावर बसले. खाला बोलक्या आहेत. पूर्वी त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती आणि घर तिच्यावर चालायचे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धन-मुरुडच्या पट्ट्यात किती वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या ते तुम्ही वाचले असेलच. पोफळ नव्याने लावली तरी लगेच सुपारी देत नाही, वर्षे जातात. तोवर खायचे काय? म्हणून कर्ज काढून वरच्या दोन खोल्या बांधल्या. मुंबईतला मुलगा हप्ते भरतो. पाहुणे मोबाइलवर तारे बघून येतात.

"तो पोरगा कुठे गेला, पूर्वी होता तो?" मी सहज आवाजात विचारले.

"त्याला काढावं लागलं, बाय. कुणीतरी लिहिलं होतं त्याच्याबद्दल. उद्धट आहे म्हणून. मुलाने मुंबईहून फोन केला, त्याला पाहुण्यांसमोर ठेवू नको. मग त्याला मागे भांड्यांना लावला. तिथे बक्षिसी कोण देणार? महिनाभर राहिला, गेला." मग थोडे थांबून म्हणाल्या, "लिहिणारं माणूस शिकलेलं असणार. एक अक्षर चुकलं नव्हतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. नंतर मी हिशेब मांडून पाहिला. तेव्हा या घराला आठच अभिप्राय होते, सहा जणांनी पाच तारे दिलेले आणि दोघांनी चार. सरासरी 4.75. माझा एक तारा पडला आणि ती 4.33 वर आली. दोन हजार अभिप्राय असलेल्या मोठ्या हॉटेलला माझ्या एका ताऱ्याने काडीचाही फरक पडला नसता. मी वर्गात एक गुण कापताना तीनदा उत्तरपत्रिका उलटून बघते. इथे प्रश्नपत्रिका न वाचताच नापास केले.

माझे अब्बा भिवंडीत लूमवर होते. मजुरी कापडाच्या मीटरवर. कापडात खोट निघाली की आठवड्याच्या हिशेबातून पैसे कापले जात. कधी सूतच कच्चे असे, कधी वीज मध्येच जाऊन धागे तुटत, पण कापणी अब्बांच्याच मजुरीतून. ते घरी येऊन अम्मीला एवढेच सांगत, "सूत खराब था।" लहानपणी मला त्या शेठचा एवढा राग यायचा! त्याने एकदा तरी लूमजवळ येऊन सूत हातात धरून बघावे असे वाटायचे. मदरशात सूरह मुतफ्फिफीन पाठ केली तेव्हा, घेताना पुरेपूर माप घेणारे आणि देताना कमी देणारे म्हणजे तो शेठ, असे मी मनात धरून टाकले होते. पुढे चाळीस वर्षे तो शेठच राहिला.

सकाळी चहा घेताना मी सांगून टाकले. "खाला, ते मी लिहिलं होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या दिवशी लाईट नव्हती, हे का नाही लिहिलंस?"

मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही. पाणी नव्हते हे खरे होते, उशीर झाला हेही खरे होते. पण अर्धे खरे मी खाली विहिरीपाशीच सोडून आले होते.

मुलगा आता अकरावीत आहे. त्याने फोन काढला आणि विचारले, "अम्मी, काढून टाकू की बदलू?" काढून टाकणे सोपे होते. ह्यांचेही तेच मत पडले. पण मला वाटले, नुसते पुसून टाकले तर त्या पोराने ओढलेल्या बादल्याही पुसल्या जातील. आम्ही बदलले. वीज नव्हती, विहिरीचे पाणी एका मुलाने जिन्याने वर आणून दिले, जेवण उशिरा पण गरम आले. या वेळी वरच्या न्हाणीघराची कडी तुटलेली होती. ते लिहायचे की नाही यावर घरात वाद झाला. मी आधी खालांना सांगितले. त्यांनी दुपारपर्यंत सुतार आणला आणि लिहायचे कारणच उरले नाही. याचा अर्थ तक्रार करूच नये असा मी घेतलेला नाही. एका ठिकाणी आम्हाला शिळे अन्न वाढले होते, व्यवस्थापकाला सांगूनही तो हसला, तेव्हा मी लिहिले होते. तसे पुन्हा झाले तर पुन्हा लिहीन. फक्त कामावरच्या पोराकडे बोट दाखवणार नाही. त्या शिळ्या भातावर त्याची मालकी नसते.

निघण्याआधी मी खालांकडून त्या पोराचा नंबर मागितला. तो आता मासेमारीच्या बोटीवर खलाशी आहे. बोट बंदरात होती, म्हणून फोन लागला. मी नाव सांगितले, वर्ष सांगितले, बादल्यांचे सांगितले, आणि माफी मागितली. पलीकडे मागे कुणीतरी जाळी ओढत असल्याचा आवाज येत होता.

"कोण ते आठवत नाही, मॅडम," तो म्हणाला. "लाईट तर तेव्हा रोजच जायची." मग क्षणभराने विचारले, "खालांची नवीन पोफळ लागली का हो?"

मी वाडीकडे पाहिले. रोपे माझ्या डोक्याच्या वर गेली होती. "अजून नाही," मी सांगितले.

"वेळ लागतो तिला," तो म्हणाला आणि त्याला कुणीतरी हाक मारली.