एका नकाराची परीकथा

परीकथेत न ऐकणाऱ्या मुलाला शिक्षा होते, हा संकेत आम्ही लोककथा शिकवताना नेहमी सांगतो. गिएर्मो देल तोरोच्या ‘पॅन्स लॅबिरिंथ’ (२००६) या स्पॅनिश चित्रपटात ओफेलिया निषिद्ध मेजवानीतली दोन द्राक्षे खाते आणि दोन पऱ्या प्राणांस मुकतात. इथवर संकेत शाबूत आहे. पण अखेरीस शिंगे असलेला वनदेव तिच्या तान्ह्या भावाचे थेंबभर रक्त मागतो. ती नकार देते, आणि तोच नकार खरी कसोटी ठरतो. फ्रँकोच्या फौजेतला सावत्र बाप तिला गोळी घालतो. १९४४ च्या त्या स्पेनमध्ये अधिक भयंकर कोण? तळहातांत डोळे बसवणारा राक्षस, की प्रश्न न विचारता हुकूम पाळणारी माणसे? शिस्तीवर पोट असलेल्या आम्हां अध्यापकांना हा प्रश्न पडद्यावरच सोडून उठता येत नाही.