दुसरी चावी

घराची चावी शेजारी ठेवून परगावी जाणारी पिढी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात बायका लग्नाला किंवा मय्यतीला निघाल्या की दाराला कुलूप अडकवत आणि चावी शेजारच्या घरातल्या खुंटीला टांगून येत. शेजारचे घर आपल्या जमातीचे असो की भंडाऱ्याचे, कोळ्याचे असो, त्याने फरक पडत नसे. परतायला उशीर झाला तर शेजारीण त्याच चावीने दार उघडून कोंबड्या आत घेई, दिवा लावी. चावी हा केवळ लोखंडाचा तुकडा नव्हता. आपल्या माघारी आपल्या घराविषयी बोलू शकेल असे एक माणूस गावात आहे, याची ती खूण होती.

आता चाव्या शहाण्या झाल्या आहेत. मोटारीच्या चावीत इवलीशी चिप असते. तिची आणि गाडीतल्या यंत्राची ओळख पटली तरच इंजिन सुरू होते. नुसते दाते घासून अशी चावी बनत नाही. चोरापासून गाडी वाचावी म्हणून ही सोय केली आहे. परंतु ती मालकालाही तितक्याच कठोरपणे बाहेर ठेवते, याचा अनुभव आम्हाला काशीदच्या किनाऱ्यावर आला.

फेब्रुवारीचे दिवस होते. आम्ही पाच जण तारकर्लीला निघालो होतो: अम्मी, आम्ही नवरा-बायको, धाकटा मुलगा आणि गाडी चालवणारा भाचा. सफरीचे निमित्त भाचाच होता. त्याला स्कूबा डायव्हिंगचा नाद आहे. परीक्षा देऊन त्याने प्रमाणपत्र मिळवले आहे आणि मामेभावाला एकदा तरी समुद्राचा तळ दाखवायचा, असे त्याने ठरवले होते. रायगडच्या किनाऱ्यावर उत्तरेला कुंडलिकेचे मुख, दक्षिणेला राजपुरीची खाडी. गाळामुळे पाण्याखालचे फारसे दिसत नाही. मालवणकडे पाणी तुलनेने नितळ आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, म्हणून तारकर्ली. महामार्गाने गेलो असतो तर लवकर पोहोचलो असतो. परंतु अम्मीचे माहेर राजपुरीचे. तिला एकदा त्या वाटेने जायचे होते. २०२० साली सुरू झालेल्या रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला उतरलो आणि अलिबाग, चौल, रेवदंडा करीत दुपारी काशीदला पोहोचलो.

काशीद ज्यांनी पाहिले आहे त्यांना तिथल्या पांढऱ्या वाळूचे आणि सुरूच्या झाडांचे वर्णन सांगायला नको. मागच्या डोंगरात फणसाडचे जंगल आहे. एकेकाळी ते जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते, १९८६ साली अभयारण्य झाले. समोर मैल-दीड मैल पसरलेला किनारा आणि वरून गरीब दिसणारा समुद्र. या समुद्राच्या गरिबीवर विश्वास ठेवू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी इथून जवळच मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्यांत आपल्या घरांतली मुले-मुली होत्या. अम्मीला ते आठवत होते. तिने नातवाला घोट्याच्या वर पाणी लागू द्यायचे नाही असे बजावले आणि ती सुरूच्या सावलीत एका टपरीच्या बाकावर बसली.

पाण्याजवळ जायचे म्हणून सगळ्यांचे मोबाईल गाडीतच राहिले होते. पैशांची पाकिटे, चपला, कागदपत्रे, सारे आत. भाच्याने दरवाजे बंद करून फक्त डिकी उघडली. मुलाला वाळूवर दाखवण्यासाठी त्याने डायव्हिंगच्या पिशवीतून मुखवटा आणि पायात घालायचे पंख काढले. पिशवी जड, दोन्ही हात गुंतलेले, चावी पिशवीवर. डिकीचे झाकण खाली आले आणि खट्ट आवाज झाला. त्या आवाजानंतर कोणीच काही बोलले नाही. काचेतून सारे दिसत होते: मागच्या सीटवर ओळीने ठेवलेले मोबाईल, डॅशबोर्डवरची अम्मीची तसबीह आणि तिच्या पायाशी असायची ती निळी पिशवी. त्या पिशवीत तिचे इन्सुलिन होते.

दोष कोणाचा हा प्रश्न त्या क्षणी कोणी काढला नाही, नंतरही काढला नाही. घड्याळ मात्र सुरू झाले होते. इन्सुलिन बर्फाच्या पिशवीत होते, पण बर्फ सकाळचा होता. वापरात असलेली कुपी साधारण तीस अंशांच्या आत ठेवावी लागते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतली हवा दहा मिनिटांत दहा अंशांनी तापू शकते, आणि तासाभरात आतल्या वस्तूंना हात लावणे कठीण होते. शिवाय बिघडलेले इन्सुलिन बिघडलेले दिसतेच असे नाही. गाडीत मूल किंवा जनावर अडकले असते तर आम्ही क्षणही न दवडता दगड उचलला असता, आणि तेच योग्य झाले असते. बाजूची काच फुटली की तिचे बारीक दाणे होतात, पात्यासारखे तुकडे होत नाहीत. पण अम्मीचा पुढचा डोस संध्याकाळचा होता. तोवर दार उघडता आले तर पुढची शेकडो मैल काचेविना गाडी न्यावी लागणार नव्हती.

बघ्यांची गर्दी जमायला वेळ लागला नाही. एकाने टेनिसच्या चेंडूला भोक पाडून कुलपावर दाबायला सांगितले. मोटारीचे कुलूप असल्या हवेने उघडत नाही. दुसऱ्याने कुठूनशी तार आणून दिली. भाच्याने ती काचेच्या रबरात घातली आणि तेवढ्यात गर्दीतल्या कोणीतरी मोबाईल उंच धरला. भाच्याला दाढी आहे. त्याने हातातली तार हळूच खाली ठेवली आणि आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. स्वतःच्या गाडीला हात लावताना चोरासारखे वाटावे, हा अनुभव कोणत्याही कायद्यात लिहिलेला नसतो.

टपरीवाल्या मावशींनी आपल्या मोबाईलवरून मुरूडच्या एका चावीवाल्याला बोलावले. तो तासाभराने मोटारसायकलवर आला. चाळिशीचा, कमी बोलणारा गृहस्थ. त्याच्या झोळीत लाकडी पाचरी, हवा भरून फुगवायची एक चपटी पिशवी आणि टोकाला वाकवलेली लांब सळई होती. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "आरसी बुक?"

"आत आहे."

"लायसन?"

"तेही आत."

"मग गाडी तुमची कशावरून?" तो म्हणाला. "दुसऱ्याची उघडून दिली तर उद्या मी आत."

त्याचे काही चुकत नव्हते. असे न विचारणाऱ्या चावीवाल्याला आम्ही आमच्या गल्लीत उभे केले नसते. आम्ही म्हटले, हल्ली कागद मोबाईलवर असतात. डिजिलॉकरमधले आरसी आणि लायसन ग्राह्य धरावे, असे केंद्र सरकारने २०१८ सालीच राज्यांना कळवले आहे. मावशींचा मोबाईल घेऊन भाच्याने डिजिलॉकर उघडले, नंबर टाकला. ओळख पटवण्यासाठी त्याच्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे, असे उत्तर आले. आणि बंद काचेआड, मागच्या सीटवर, भाच्याचा मोबाईल उजळला. त्यावर सहा आकडे आले असतील. आम्ही सगळे काचेला नाक लावून पाहत होतो. मोबाईल उलट्या बाजूला कलंडलेला होता. थोड्या वेळाने तो विझला.

आम्हाला हसू आले आणि घशात काही तरी अडकलेही. दार उघडायला कागद हवा, कागद दाराच्या आत. कागदाची खूण मोबाईलवर, मोबाईलही दाराच्या आत. गेली काही वर्षे आमच्या घरांत कागदांची केवढी जपणूक चालू आहे! आजोबांचा जन्मदाखला, सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला, नावातली एक वेलांटी दुरुस्त करण्यासाठी घातलेले खेटे. प्लॅस्टिकच्या फायलीत सारे नीट लावून ठेवले की आपण सुरक्षित झालो, असे वाटते. त्या दिवशी आमचे सगळे कागद सुरक्षित होते. आम्हीच तेवढे बाहेर होतो.

इकडे अम्मीचे वेगळेच चालले होते. सकाळचे इन्सुलिन घेतल्यामुळे तिला वेळेवर खाणे भाग होते. मावशींनी पैशांचे नाव न काढता तिच्यापुढे तांदळाची भाकरी आणि सुकट ठेवली होती. भाकरीचा पदर मोडता मोडता अम्मी कधी मुंबईची भाषा सोडून आपल्या बोलीत शिरली, ते तिलाही कळले नसेल. आमच्याशी ती तशी आता क्वचितच बोलते. मावशींचा हात तव्यावर थांबला. "कुठल्या गो तुम्ही चाची?" त्यांनी विचारले. राजपुरी म्हटल्यावर त्या पदराला हात पुसत बाकावर येऊन बसल्या. त्यांचे माहेर एकदऱ्याचे. पुढचा अर्धा तास दोघींनी बोटींची, बाजाराच्या दिवसांची, मेलेल्या आणि जिवंत माणसांची उजळणी केली. काही नावे दोघींना ठाऊक होती, काही नव्हती. नाते निघाले नाही. ते निघावे अशी गरजही नव्हती.

चावीवाला झोळी आवरून निघण्याच्या बेतात होता. मावशी उठल्या आणि त्याला म्हणाल्या, "उघड. गाडी यांचीच आहे. काय झाले तर मला विचार, मी काय टपरी घेऊन पळणार नाही."

त्याने मावशींकडे पाहिले, मग अम्मीकडे. "चाची, समोरच्या कप्प्यात काय काय आहे ते सांगा. उघडल्यावर पहिला कागद मी बघणार." अम्मीने सांगितले: आरसीचे पाकीट, अब्बांचा जुना चष्मा, खजुराचा डबा, एक टोपी. अब्बांचा चष्मा त्या कप्प्यात आहे, हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

दार उघडायला चार मिनिटेही लागली नाहीत. वरच्या कोपऱ्यात पाचर, फटीत चपटी पिशवी, पिशवीत हवा. फट बोटभर रुंदावली आणि सळईने आतली कडी ओढली. त्याने खरोखरच आधी कप्पा उघडला. चष्मा पाहिला, आरसीवरचे नाव वाचले, गाडीचा नंबर ताडून पाहिला आणि मगच मजुरी सांगितली. बर्फाचे कोमट पाणी झाले होते. भरवसा नको म्हणून ती कुपी आम्ही फेकून दिली आणि मुरूडच्या औषधांच्या दुकानातून नवी घेतली. मावशींनी भाकरीचे पैसे घेतले, फोनचे घेतले नाहीत.

आम्ही या प्रसंगातून गावाकडची माणसे थोर आणि जुने ते सारे सोने, असा धडा काढणार नाही. मोबाईल उंच धरणारा माणूसही त्याच किनाऱ्यावर होता. कागद जपायलाच हवेत, मोडकी वेलांटीही दुरुस्त करून घ्यायला हवी. पण कागद आपल्याला ओळखत नाही. आपल्याला माणूस ओळखतो, आणि तेही आपण त्याच्याशी त्याला कळेल असे काही बोललो तर. मराठी मुसलमान म्हणून आपण ज्या बोलीची घरात लाज बाळगू लागलो आहोत, उर्दू नीट येत नाही आणि मराठीही शुद्ध नाही म्हणून जिला मुलांपासून दूर ठेवतो, तिने त्या दिवशी आमची जामीन भरली. आमच्या मुलाला ती समजते, बोलता येत नाही. अम्मीच्या पिढीबरोबर हीही चावी आत राहून दार लागले, तर ते उघडणारा कारागीर मुरूडलाही मिळायचा नाही.

तारकर्लीला आम्ही दुसऱ्या दिवशी उशिरा पोहोचलो. तिसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर प्रशिक्षकाने नियम सांगितले. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही, कारण दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि वर येताना छातीतली हवा फुगते. एकट्याने खाली जायचे नाही. जोडीदाराची टाकी, पट्टे, नळ्या उतरण्यापूर्वी एकमेकांनी तपासायच्या. मग त्याने भाच्याच्या छातीवरची पिवळी नळी उचलून दाखवली. तोंडातली नळी काळी होती, ही दुसरी.

अम्मी बोटीच्या फळीवर बसून सारे लक्ष देऊन ऐकत होती. तिने विचारले, "ही पिवळी कोणासाठी?"

"सोबत्यासाठी, आजी," प्रशिक्षक म्हणाला. "त्याची हवा संपली तर याच्या टाकीतली त्याला. लांबून दिसावी म्हणून पिवळी."

अम्मीने मान हलवली आणि भाच्याला म्हणाली, "मग नीट बांध ती. आत खोचू नको."