भोपाळ : श्यामला हिल्स उतरल्यावर

भोपाळ पाहायला गेलेले आपण बहुतेक जण श्यामला हिल्सच्या परिसरातच रमतो. भारत भवन, मानव संग्रहालय, जनजातीय संग्रहालय आणि खाली पसरलेला बडा तलाव. दोन दिवस कसे जातात कळत नाही. हे सगळं जरूर पाहा. पण तिसरा दिवस राखून ठेवा आणि टेकडी उतरून जुन्या शहराच्या उत्तरेला जा. तिथे युनियन कार्बाइडचा बंद पडलेला कारखाना आहे आणि रस्त्यापलीकडे जे. पी. नगरची वस्ती.

2 डिसेंबर 1984 हा रविवार होता. चर्चमध्ये आगमनकाळाचा पहिला रविवार, म्हणजे नाताळच्या तयारीची सुरुवात. त्या मध्यरात्री कारखान्याच्या टाकीतून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत पसरला आणि झोपड्यांच्या फटींतून आत शिरला. पायी पळणाऱ्यांना धाप लागली, तसा तो छातीत अधिकच गेला. लहान मुलांची तर उंचीच कमी. नवं भोपाळ बरंचसं वाचलं. हजारो माणसं गेली, ती मुख्यतः कारखान्याच्या आसपासच्या गरीब वस्त्यांतली.

ख्रिस्ती धर्मात नम्रता म्हणजे नुसतं गोड बोलणं नव्हे. येशूचा जन्म गोठ्यातला, आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी तो शिष्यांचे पाय धुतो. पाय धुवायचे तर खाली बसावं लागतं, आणि खाली बसल्यावर समोरच्याच्या पायाच्या भेगा दिसतात. गरिबाच्या जागेवरून पाहणं ते हेच.

तसं पाहिलं की भोपाळचा हिशेब वेगळा दिसतो. कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन 7 डिसेंबरला आले. त्यांना अटक झाली, पण ठेवलं कंपनीच्याच श्यामला हिल्सवरच्या अतिथिगृहात. 25,000 रुपयांच्या जामिनावर ते सुटले आणि त्याच दिवशी सरकारी विमानाने दिल्लीला गेले. पुढे 1989 मध्ये 47 कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि वर्षानुवर्षं थांबल्यावर बहुतेक जखमींच्या हातात सुरुवातीला पडले तेही 25,000 रुपयेच.

मदर तेरेसा त्याच डिसेंबरात भोपाळला आल्या, आजाऱ्यांना भेटल्या. क्षमा करा, असं त्यांनी सांगितलं. तो शब्द अनेकांना खुपला. त्यांचं येणं खरं होतं, सेवाही खरी होती. पण क्षमा करायची की नाही, आणि कधी, हे ज्याचं घर उजाडलं त्यानेच ठरवायचं. नम्रतेची कसोटी इथे लागते : आपला उपदेश बाजूला ठेवून त्याचं ऐकता येतं का?

आपल्या मराठीत याचं उदाहरण आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. पगारी उपदेशकाची जागा सोडून ते ख्रिस्ती संन्यासी म्हणून लोकांत राहिले.

भोपाळमध्ये तर गरिबांनी कुणाची वाट पाहिली नाही. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या गॅसपीडित कामगार स्त्रियांनी न्यायासाठी लढा उभारला. 2004 मध्ये त्यांना गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या पैशांतून त्यांनी गॅसपीडितांच्या अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट काढला. ‘संभावना’ दवाखाना 1996 पासून मोफत उपचार करतो. तिथे आधुनिक औषधांबरोबर आयुर्वेद आणि योगही आहे.

कारखान्यात पडून असलेला 337 टन विषारी कचरा शहराबाहेर जायला 2025 साल उजाडावं लागलं. दूषित माती आणि पाण्याचा प्रश्न अजून आहेच.

तुम्ही जाल तेव्हा कारखान्यासमोरचा पुतळा पाहा : तोंड झाकून मूल कवटाळलेली आई. डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी तो घडवला. मग गॅसपीडितांनी 2014 मध्ये उघडलेल्या ‘रिमेंबर भोपाळ’ संग्रहालयाची चौकशी करा. तिथे वाचलेल्या माणसांच्या आवाजात त्यांची कहाणी ऐकायला मिळते. मुलांनाही न्या, आणि वस्तीत फिरताना फोटो काढायची घाई करू नका. कुणी बसायला सांगितलं तर बसा.