जवळा आणि गंगाखेडचा बाजार

गंगाखेडच्या आठवडी बाजारात, किराण्याच्या पालांपासून चार हात अंतर राखून, तरटावर सुकटीची रास मांडून बसणाऱ्या बाईकडून माझी आई मापाने सुकट घेई, तेव्हा जनाबाईंच्या त्या गावातली माळकरी मंडळी नाकाला पदर लावून पलीकडून जात. आणि ही सुकट येते कोठून असे मी विचारले, तर ‘मुंबईकून’ एवढेच उत्तर मिळे. औंदा ती महाग का, याचे उत्तरही ‘माल कमी हाय’ यापलीकडे जात नसे. माल कमी का, हे त्या बाईने तरी कोणाला विचारावे?

पुढे सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम निघाला आणि मी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागच्या कचेरीत रुजू झालो, तेव्हा समुद्राविषयी माझे ज्ञान शाळेच्या नकाशातील निळ्या रंगाइतकेच होते. कोळीवाड्यात दप्तराच्या कामाने जाणे होई. तेथे वाळत घातलेला गुलाबी जवळा पाहून ही आपलीच सुकट हे मी ओळखले, आणि एका वयस्कर तांडेलाशी परिचय वाढल्यावर त्याच्या होडीत बसून डोल पाहावयास गेलो. डोल म्हणजे नरसाळ्याच्या आकाराचे लांबच लांब जाळे. ते माशांच्या मागे धावत नाही, तर समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून, तोंड प्रवाहासमोर धरून उभे राहते आणि भरती-ओहोटीची ओढ जे आणील ते गिळते. पाणी क्षणभर स्थिरावले तशी गड्यांनी जाळ्याचे शेपूट वर ओढले, गाठ सोडली, आणि होडीच्या तळाशी जे ओतले गेले ते प्रथम मला काचेचा थरथरता लगदाच वाटले. जवळून पाहिले तेव्हा त्या लगद्याचा एकेक कण म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा थोडा लांब, आरपार दिसणारा, मोहरीच्या दाण्याएवढ्या काळ्या डोळ्यांचा जीव होता. आणि त्याच्या मिशा शरीराहून लांब होत्या.

मी पुन्हा कधी येऊ असे विचारले, तेव्हा तांडेल म्हणाला, “अष्टमीला नको येव साहेब. भांगाला पान्याला वढ नसते. वढ नाय तं जवला नाय.”

त्या एका वाक्यात बरेच शास्त्र होते, हे पुढे वाचनाने कळले. अष्टमीच्या भांगाला भरती-ओहोटीची ओढ मंद असते; उलट अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईस पाणी पाच मीटरांच्या आसपास चढते-उतरते, खंबायतच्या आखातात भावनगरला ते दहा मीटरांच्याही वर जाते, आणि गोव्याकडे उतरावे तसे ते दोन मीटरांवर येते. उत्तरेकडे समुद्रतळही दूरवर उथळ. त्यात नर्मदा आणि तापी यांनी आणून टाकलेला गाळ त्या प्रचंड ओढीने सतत ढवळला जातो, आणि प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे फारसे बळ नसलेला, थव्यांनी वाहणारा जवळा त्याच गढूळ, अन्नमय पाण्यात पोसतो. म्हणून जाफराबादपासून सातपाटी, वर्सोवा, अलिबागपर्यंत डोल आणि जवळा यांचा मुलूख. मालवणकडे गेलात की पाण्याची ओढ मंदावते, डोल उभी राहत नाही आणि किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, म्हणजे रापण, दिसू लागते. मात्र येथे एक शंका मनात ठेवावी असे मला वाटते: मासळीच्या सरकारी नोंदी या जाळ्यांच्याही नोंदी असतात, आणि जेथे डोल नाही तेथे जवळा किती, हे तराजूला कळण्याचा मार्ग नाही.

मोठ्या कोळंबीचा कारभार निराळा. तिच्या बऱ्याच जाती अंडी समुद्रात घालतात, पण पिल्ले भरतीबरोबर खाडीत शिरून तिवरांच्या मुळांशी, निमखाऱ्या पाण्यात वाढतात आणि थोराड झाली की पुन्हा समुद्र गाठतात. त्यामुळे खाडीत भराव घातला की काही काळाने बाहेरच्या समुद्रात जाळी हलकी येतात.

आमच्या गोदावरीतल्या मोठ्या झिंग्याने मात्र हाच क्रम उलटा धरलेला आहे. तो वाढतो गोड्या पाण्यात. पण त्याची पिल्ले जगावयास मुखाजवळचे निमखारे पाणी लागते, आणि थोडी मोठी झाल्यावर ती प्रवाहाच्या उलट, ओल्या दगडांना चिकटून, नदी चढू लागतात. राजमहेंद्रीखाली धवळेश्वरला ऑर्थर कॉटन यांचा बंधारा 1852 साली पुरा झाला, तो चढून जाणारी पिल्ले पाहिल्याचे शास्त्रज्ञांनी लिहून ठेवले आहे. त्यानंतर वर पोचमपाडचे धरण झाले, आमच्याकडे बंधाऱ्यांची रांगच लागली. या बांधकामांनी शेतांना पाणी दिले, हे मी नाकारीत नाही. पण पिल्लांची वर चढण्याची वाट अडली, आणि गंगाखेडच्या घाटावर भोयांच्या जाळ्यात आज जे बारके झिंगे येतात, ते समुद्राची गरज नसलेल्या जातींचे, आणि त्यांवर बाजार चालत नाही. परभणी जिल्ह्याला सुकटीसाठी पश्चिमेच्या समुद्राकडेच पाहावे लागते.

तेव्हा बाजारातल्या त्या बाईला भाव विचारताना तिच्यावर डाफरू नये. तिचा भाव चंद्राची तिथी, आखाताचा चिखल आणि पाऊस ठरवितात. आता राज्याच्या किनाऱ्यावर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. म्हणून आषाढात कोणी ‘कालच आलेली’ म्हणून सुकट पुढे केली, तर ती उन्हाळ्यातलीच समजावी, आणि चांगली वाळलेली असेल तर खुशाल घ्यावी.