अर्ध्या इंचाचा पाना

आमच्या मावशीचे यजमान म्हापशात मोटारी दुरुस्त करीत. लोक त्यांना 'मेस्त' म्हणत. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या अ‍ॅम्बॅसॅडर गाड्यांखाली पाठ टेकली. स्वतःची गाडी मात्र त्यांच्या दारात कधीच उभी राहिली नाही. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा मावसभाऊ, पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन इंग्लंडातील स्विंडन येथे स्थायिक झाला. तेथे गोव्याची इतकी माणसे आहेत, की बाजारात कानी पडणारी कोकणी ऐकून आपण विमानात बसलोच नव्हतो की काय, अशी आम्हांस शंका आली. गेल्या मे महिन्याच्या सुटीत त्याने आम्हांस बोलावून घेतले. प्रेम होतेच, परंतु गाडी निवडताना कोणी वडीलधारे माणूस बरोबर असावे, हा खरा हेतू होता.

त्याची मागणी मोठी विलक्षण होती. गाडी शर्यतीच्या कुळातील हवी, सुट्या भागांतून मालकाच्या हातांनी जुळवलेली हवी, आणि तिनेच रोज कामावर जाता यावे, मुलीला शाळेत सोडता यावे व शनिवारचा बाजार आणता यावा. आमची भावजय म्हणाली, "वरातीचा घोडा हवा, आणि त्याने दूधही द्यावे!" तिच्या रागास कारण होते. म्हापशाच्या घराचे छप्पर पावसाळ्यापूर्वी बदलण्यासाठी ठेवलेले पैसे या घोड्यावर खर्च होणार होते.

अशा गाड्यांचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे. कॉलिन चॅपमन या तरुणाने 1948 साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी उभी केली. 1952 मध्ये त्याने लोटस ही कंपनी स्थापन केली आणि 1957 मध्ये 'लोटस सेव्हन' बाजारात आणली. त्या काळी इंग्लंडात तयार नव्या मोटारीवर जबर खरेदी-कर असे. सुट्या भागांवर तो नसे. साहजिकच बेताच्या मिळकतीचे तरुण भागांच्या पेट्या घरी आणून गाडी जुळवू लागले. जुळवणीची पुस्तिका सोबत दिल्यास सवलत जाई. म्हणून कंपनीने गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकांनी ती शेवटाकडून वाचली, असे सांगतात. मुलांनो, भूमितीत व्यत्यासाचा कंटाळा करणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा! 1973 मध्ये नवी करपद्धती आली आणि ही सवलत संपली. सेव्हनचे हक्क त्याच वर्षी केटरहॅम या कंपनीकडे गेले.

प्रथम आम्ही एक सेव्हनच पाहिली. वजन सुमारे पाचशे किलो, दारांचा पत्ता नाही. बसताना पाय आधी घालावेत की देह, हे आम्हांस उमगेना. तेवढ्यात पाऊस आला. कापडी छप्पर ताणून होईपर्यंत तो थांबलाही, आणि तोवर गाडीत कोरडी जागा उरली नव्हती. भावजयीने भाजीची पिशवी कोठे ठेवायची असे विचारले, तेव्हा मालकाने सुहास्य मुद्रेने आमच्या मांडीकडे बोट दाखवले.

दुसरी गाडी लोटसचीच, 'एलान प्लस टू'. जिम क्लार्कने 1963 आणि 1965 साली लोटसच्या गाड्यांवर जगज्जेतेपद मिळवले. त्याच कारखान्याने 1967 मध्ये ही मागे दोन लहान आसने असलेली गाडी काढली. मालक वृद्ध गृहस्थ होते. तरुणपणी एका हिवाळ्यात वडिलांच्या शेडमध्ये त्यांनी ती स्वतः जुळवली होती. अंग काचतंतूचे, त्यामुळे त्यास गंज नाही. पण आत पाठीच्या कण्यासारखा पोलादी सांगाडा असतो, तो गंजतो. त्यांनी तो बदलून घेतला होता. इंजिनाचा मूळ ठोकळा फोर्डचा, घरगुती गाड्यांतलाच. चाकांकडे शक्ती नेणारे रबरी जोड वेळच्या वेळी तपासावे लागतात, हेही त्यांनी न विचारता सांगितले. या प्रामाणिकपणाने आम्ही अर्धे विरघळलो. शिवाय इंग्लंडात चाळीस वर्षांहून जुन्या गाडीस रस्ता-कर माफ असतो.

आमची पुतणी मागच्या आसनावर जाऊन बसली आणि उतरेना. भाऊ हळूच म्हणाला, "मास्तर, घेवया?" छपराची आठवण करून देणे हे आमचे कर्तव्य होते. परंतु त्या क्षणी त्याचे डोळे थेट मेस्तांचे दिसले, आणि आम्ही मान डोलावली. भावजय दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. तो दंड योग्यच होता.

परत आल्यावर त्याचा निरोप आला: बाबांचे पाने पाठवा. ते सारे इंचांच्या मापाचे, आजच्या मिलिमीटरच्या गाड्यांना निरुपयोगी. या गाडीला मात्र नेमके बसणारे. आम्ही म्हापशास गेलो. माडीवर गळक्या कौलांखाली मावशीने भांडी मांडून ठेवली होती. तिने पान्यांची पेटी निमूटपणे आमच्या हाती दिली. उघडून पाहिली, तर अर्ध्या इंचाचा पाना तेवढा नव्हता, आणि त्या गाडीला तोच सर्वांत अधिक लागतो. तो मावशीच्या कमरेला खोचलेला होता.

"कौले बसली की पाना मिळेल," असे त्याला कळवायला तिने सांगितले आहे.