परळची वाट आणि एक वही

परळ स्थानकाबाहेरचे लखलखीत ऊन आणि वाहनांचे भोंगे अर्धशिशीच्या रुग्णाला असह्य होतात. तरीही १९२६ पासून रुग्णसेवेत असलेल्या केईएम रुग्णालयाकडे दूरदूरची माणसे जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी सांभाळत चालत असतात. मेंदूविकारतज्ज्ञांना त्या चिठ्ठ्यांइतकीच एक साधी वही उपयोगी पडते: दुखण्याचे दिवस, झोप, मासिक पाळी, घेतलेल्या गोळ्या. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस डोके दुखणे ३ महिन्यांहून अधिक काळ चालले आणि त्यांतील निदान ८ दिवस अर्धशिशीचे असले, तर ती जुनाट ठरते. वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेकही दुखणे वाढवतो. वहीत हे सारे दिसते आणि प्रतिबंधक उपचारांना दिशा मिळते. म्हणून परळचा प्रवास घरीच, वहीच्या पहिल्या पानावर सुरू व्हावा.