डावीकडचा उजेड

बी.एड.ला असताना शालेय व्यवस्थापनाच्या पेपरात एक हमखास प्रश्न यायचा : आदर्श वर्गखोली कशी असावी? उत्तर आम्ही तोंडपाठ केले होते. खोली हवेशीर असावी, खिडक्या समोरासमोर असाव्यात, उजेड विद्यार्थ्याच्या डाव्या बाजूने यावा. हे सगळे लिहिले, गुण मिळाले, पदवी मिळाली. मग उर्दू माध्यमाच्या शाळेत नोकरी लागली आणि आठ वर्षे आम्ही रोज एकाच वर्गात शिकवत राहिलो. त्या वर्गात उजेड कुठून येतो, हे मान वर करून एकदाही पाहिले नाही. हे 'आम्ही' मोठेपणाचे नाही. शाळेत सहा शिक्षक आहोत आणि सहाही जणांची चूक सारखीच होती.

आमची शाळा चिखली-मोशीच्या बाजूला आहे. खाली भाड्याचे गाळे, वरच्या मजल्यावर पत्र्याखाली चार वर्ग. मुलांचे वडील कोणी भंगाराच्या धंद्यात, कोणी वेल्डिंगवर, कोणी चाकणच्या कंपन्यांत ठेकेदाराकडे. आया घरकाम करतात, कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटतात. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्ये एमआयडीसी आली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि पुढे कारखानदारी चाकणपर्यंत पसरत गेली. प्रत्येक वेळी माणसे आली. मराठवाड्यातून, सोलापूरकडून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून. कारखान्यांना जमिनी मिळाल्या, रस्ते मिळाले. माणसांनी डोक्यावर पत्रा घेतला. शाळेनेही तोच घेतला.

सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव लिहीत नाही. शेवटच्या रांगेत, गाळ्याच्या भिंतीला लागून बसायची. फळ्यावरचे उतरवून घेताना तिचे नुक्ते हटकून चुकत. उर्दू न येणाऱ्या वाचकांसाठी सांगतो : बे, पे, ते, से या अक्षरांचा साचा एकच. खाली एक नुक्ता असला की बे, खाली तीन असले की पे, वर दोन की ते, वर तीन की से. सगळा फरक त्या ठिपक्यांचा. तिच्या वहीत 'पानी'चे 'बानी' होई, 'पीर'चा 'तीर' होई. आम्ही तिला चुकलेला शब्द पन्नास-पन्नास वेळा लिहायला लावला, तोही त्याच कोपऱ्यात बसून. "टीचर, नुक्ते दिखतेच नै," असे ती एकदा म्हणाली होती. ते आम्हाला बहाण्यासारखे वाटले. तिच्या अम्मीला बोलावून आम्ही सांगितले, "लडकी ध्यान नहीं देती." अम्मी चाकणहून रात्रपाळी करून आली होती. ती शांतपणे म्हणाली, "पढ़ाई में दिल नहीं है तो घर बैठेगी. छोटे को संभालेगी." आम्ही त्यावर काहीही बोललो नाही.

त्याच दिवसांत आर्किटेक्चर कॉलेजचे पाच विद्यार्थी शाळेत आले. तिसऱ्या वर्षाचा त्यांचा डिझाइनचा विषय होता 'पर्यावरण आणि उजेड : एक छोटी शाळा'. खरी जागा मोजायची, खऱ्या मुलांशी बोलायचे आणि त्या जागी नवी शाळा कल्पायची. गळ्यात ओळखपत्रे, हातात टेप, कागदाच्या मोठ्या गुंडाळ्या.

टेप पाहून खाली गर्दी जमली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीत महापालिकेने भंगाराची गोदामे आणि शेड फार मोठ्या प्रमाणावर पाडली. तेव्हापासून आमच्याकडे कोणी टेप घेऊन उभे राहिले की लोकांच्या पोटात गोळा येतो. "किसका नाप ले रहे?" असे चारदा विचारून झाले. त्यांच्यातली एक सोलापूरची मुलगी पुढे झाली. "चाचा, आम्ही पाडायला नाही, शिकायला आलोय," असे तिने मराठीतच सांगितले. चाचांनी बाकडे पुसून तिला बसायला दिले. आम्ही मात्र मनात म्हटले, ही मुले येतील, फोटो काढतील, गुण मिळवतील आणि जातील.

पहिल्या दिवशी त्यांनी गच्चीच्या कडेला एक काठी उभी केली आणि दर तासाला तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने खूण करू लागले. आमची मुले भोवती जमली. पुण्यात मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली नाहीशी होते, असे ते समजावून सांगत होते. इतक्यात आमचा एक मुलगा म्हणाला, "सावली दुगनी झाली की असर." विद्यार्थ्यांना कळेना. मग आम्ही सांगितले की आमच्या हनफी घरांत दुपारची मूळ सावली सोडून वस्तूची सावली तिच्या दुप्पट झाली की असरच्या नमाजाची वेळ धरतात. शाफई मंडळी एकपट धरतात. घड्याळ नव्हते तेव्हा मुअज्जिन हेच करीत असे. सोलापूरच्या मुलीने वहीत लिहून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्या मुलांना सूर्याचा मार्ग आधीच ठाऊक आहे." ठाऊक होता, पण भूगोलाच्या तासाला आम्ही तो कधी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उजेड मोजायचे छोटे यंत्र आणले. उजेडाचे माप लक्समध्ये असते. वर्गासाठी भारतीय मानक २०० ते ५०० लक्सचे, मध्यम म्हणजे ३०० चे. एक जण बाकाबाकावर यंत्र ठेवून आकडे वाचत होता, दुसरा लिहीत होता. खिडकीजवळ चारशेच्या वर. मधल्या रांगेत दीडशे. गाळ्याच्या भिंतीजवळ, त्या मुलीच्या बाकावर, सकाळी अकरा वाजता अडतीस. त्याने यंत्र झटकून पुन्हा ठेवले. पुन्हा अडतीसच. "मॅडम, इथे कोणी बसतं?" त्याने विचारले. मुलगी समोरच उभी होती. आम्ही मान हलवली. घसा कोरडा पडला होता.

त्या रात्री झोप आली नाही. वालिदसाहेब आठवत राहिले. ऐंशीच्या दशकात ते उस्मानाबादकडून, म्हणजे आजच्या धाराशिवकडून, इथे आले आणि लेथवर लागले. लहानपणी एकदा त्यांच्या कारखान्यात पूजेच्या दिवशी गेलो होतो. त्या शेडचे छत करवतीच्या दात्यांसारखे होते आणि प्रत्येक दात्याच्या उत्तर बाजूला काचा. का, असे विचारले तर म्हणाले, "उत्तर का उजाला ठंडा रहता. आँख में नहीं चुभता, काम बराबर दिखता." लेथवर केसाइतकी चूक होऊ नये म्हणून मालकाने छत बदलले होते. आणि गावचे दादाजानचे माळवदाचे घर? जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर, छताला धूर जायला आणि उजेड यायला एक भोक. त्या भोकातून पडणाऱ्या उजेडाच्या तुकड्यात बसून दादीजान तांदूळ निवडायची. माळवद बांधणाऱ्याला कळले, कारखाना बांधणाऱ्याला कळले. नुक्ते शिकवणाऱ्या आम्हाला कळले नाही.

आठवड्याने विद्यार्थी कच्चे आराखडे घेऊन आले. एकाने मोठ्या उत्साहाने सांगितले, "मॅडम, उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून उजेडही उजवीकडून हवा. आम्ही पूर्ण वर्ग आरशातल्यासारखा उलटा केलाय." आम्हाला भरून आले. आमच्या लिपीचा एवढा विचार कोणी केला होता? आम्ही लगेच "बरोबर" म्हणून टाकले.

ती मुलगी मात्र माझी वही उघडून बसली होती. तिने कोणाचा तरी मोबाइल घेतला, टॉर्च लावला आणि उजवीकडे धरायला सांगितले. लिहू लागली तर हाताची सावली नेमकी कलमाच्या टोकावर आणि पुढच्या कोऱ्या जागेवर. मग टॉर्च डावीकडे. सावली मागे, लिहून झालेल्या अक्षरांवर गेली आणि टोक स्वच्छ दिसू लागले. ती म्हणाली, "टीचर, हात तो सबका सीधाच है ना!"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण ते वाक्य अजून मनातून गेलेले नाही. प्रश्न लिपीचा नव्हताच, हाताचा होता. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला मराठीतही उजेड डावीकडूनच हवा आणि उर्दूतही. वर्गात एक डावखुरा मुलगा आहे, उजवीकडून उजेड हवा तो त्याला. आपण वेगळे आहोत हे ऐकायची आणि सांगायची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की आम्ही उजेडही वेगळा मागायला निघालो होतो.

शेवटच्या सादरीकरणाला, ज्याला ते जूरी म्हणतात, त्यांनी आम्हाला कॉलेजात बोलावले. पाच मॉडेले मांडली होती. भिंतींवर जगभरच्या इमारतींची चित्रे. केरळात आयुष्य घालवलेल्या लॉरी बेकर यांच्या विटांच्या जाळ्या आणि त्यांची ती आत पोकळी ठेवून रचलेली भिंत, जिच्यात विटा साधारण पावपट कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी आणि ऐपतीप्रमाणे वाढवता येतील अशी त्यांची इंदूरची 'अरण्य' वसाहत. इजिप्तचे हसन फतही, ज्यांनी गरिबांसाठी पुन्हा कच्च्या मातीच्या विटा हाती घेतल्या. आम्ही मात्र ढाक्याच्या बैत उर रऊफ मशिदीसमोर थांबलो. मरीना तबस्सुम या बाईंनी ती आजीने दिलेल्या जमिनीवर बांधली. २०१२ मध्ये पूर्ण झाली, २०१६ मध्ये तिला आगाखान पुरस्कार मिळाला. घुमट नाही, मिनार नाही. साध्या विटा आणि छताला गोल भोके, त्यांतून उजेडाच्या चकत्या फरशीवर पडतात. पाहताना दादाजानचे माळवद आठवले आणि कागदावर सांडलेले नुक्तेही.

जूरी कडक होती. एका मॉडेलला चारी बाजूंनी काच होती. परीक्षकांनी विचारले, "एप्रिलमध्ये इथे मुले बसतील की पापड वाळतील?" दुसऱ्यात झाडे फार होती. त्याला विचारले, "ही झाडे काढली तर तुमच्या पर्यावरणाचे काय उरते?" मुलगा गप्प. मग आम्हाला बोलायला सांगितले. आम्ही एवढेच विचारले, "जागा भाड्याची आहे. पाडून बांधता येत नाही. आहे त्या पत्र्याखाली काय करता येईल?" पाचही मॉडेलांत याचे उत्तर नव्हते. हिरव्या इमारतींना आमच्या महापालिकेने करात सवलत दिली आहे, पण भाडेकरू शाळेच्या ती काय कामाची?

गुण मिळाले आणि आमच्या अंदाजाप्रमाणे विषय तिथेच संपायला हवा होता. पण पंधरा दिवसांनी रविवारी ती पाचही मुले परत आली. मालकाची परवानगी आम्ही काढून ठेवली. पत्र्यावर चुन्यात चिकट मिसळून दोन हात पांढरे दिले. अहमदाबादेत झोपड्यांची छते अशीच पांढरी करतात, ऊन परतवण्यासाठी. उत्तरेच्या उताराचे दोन पत्रे काढून तिथे दुधी फायबरचे पत्रे बसवले. गाळ्याकडच्या भिंतीत वर, छताखाली, विटांची जाळी केली, म्हणजे तापलेली हवा बाहेर पडेल. फळ्याची भिंत बदलली, बाक फिरवले, खिडक्या डाव्या हाताला आल्या. डावखुऱ्या मुलाला त्याची बाजू दिली. आम्ही सहा जणांनी पगारातून पैसे काढले, गवंडीकाम एका पालकाने फुकट केले. खालच्या चाचांनी सगळ्यांना चहा पाजला.

सोमवारी आम्ही यंत्र मागून घेतले आणि शेवटच्या बाकावर ठेवले. दोनशे दहा. आदर्श नव्हे, पण मानकात बसणारे. दुपारी पत्र्याखाली अजून गरम होतेच, फक्त मुले आता पेंगत नाहीत.

त्या मुलीच्या सगळ्या चुका गेल्या, असे सांगितले तर ते खोटे होईल. 'ते' आणि 'से'त ती अजून अडखळते. पण या चुका आता आमच्या शिकवण्याच्या आहेत, त्या आम्ही दुरुस्त करू शकतो. तिच्या अम्मीकडे आम्ही स्वतः गेलो. त्या दिवशी जे सांगितले ते चूक होते, लडकी ध्यान देती है, अंधेरा हमने रखा था, असे सांगितले. अम्मीने काही क्षण आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "टीचर, मैं तो समझी थी उसकी आँख कमज़ोर है." मुलगी सातवीत गेली.

मॉडेलांपैकी एक विद्यार्थ्यांनी आम्हाला दिले. ते कपाटावर ठेवले आहे. पुठ्ठ्याची ती शाळा कधी बांधली जाणार नाही. पण नवा शिक्षक रुजू झाला की त्याला आम्ही आधी रजिस्टर देत नाही. शेवटच्या बाकावर नेऊन बसवतो आणि फळ्यावर बे, पे, ते, से लिहून विचारतो, "नुक्ते दिसतात का?"